बुधन थिएटर : छारानगरच्या वाचनालयातून

नाट्यसंस्थेचं नाव ठेवताना आपल्याकडे रंग, कला, नाट्य आणि मंच या चार शब्दांपलीकडे सहसा कुणी जात नाही. अहमदाबादच्या छारानगरातल्या मुलामुलींनी १९९८ साली आपल्या मंडळीला नाव दिलं ते पोलिसांच्या मारामुळे मेलेल्या एका माणसाचं. बुधन शबर पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातला. त्याची भाषा वेगळी, प्रांत वेगळा, आणि या मुलांपैकी कुणाचा तो सोयराधायरा नव्हता. नातं एवढंच, की त्याची जमात आणि यांची जमात इंग्रजांच्या एकाच कायद्याखाली जन्मजात गुन्हेगार ठरली होती.

विमुक्त दिनानिमित्त निघणाऱ्या मराठी स्मरणिकेत गुजरातेतल्या संस्थेचा इतिहास कशाला, असं कुणी विचारील. छारा म्हणजे आपल्याकडच्या कंजारभाटांचेच भाऊबंद. दोघेही मूळच्या सांसी गोतातले, दोघांच्या घरात बोलली जाते ती भांतू बोली. छारानगरातल्या दारांवरच्या पाट्या वाचत गेलं तर इंद्रेकर, गागडेकर, तमायचीकर अशी आडनावं लागतात, आणि मराठी माणसाला आपण पिंपरीच्या भाटनगरात तर नाही ना, असं वाटावं. संस्थेच्या स्थापनेमागचे एक प्रमुख प्रेरक गणेश देवी हे भोरचे. तिच्या सुरुवातीच्या नाटकांपैकी एकाचा नायक आपल्याच पुणे जिल्ह्यात पोलिसांच्या ताब्यात मेलेला पारधी. तेव्हा हा इतिहास निम्मा तरी आपलाच आहे, आणि तो निम्मा भाग फारसा भूषणावह नाही.

१८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा, या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’त मांगांची हजेरी ज्यांनी वाचली आहे, त्यांना त्या कायद्याचा जाच ठाऊक आहे. माणसाने काय केलं हे न पाहता तो कुठल्या जातीत जन्मला एवढ्यावर त्याचं नाव नोंदवहीत चढायचं. ठराविक वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. १९११ मध्ये कायदा आणखी कडक झाला, मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि सेटलमेंटांचं जाळं पसरलं. सोलापूरची सेटलमेंट आपल्याला माहीत आहे. अहमदाबादला कुबेरनगरजवळ छारांची तशीच वसाहत उभी राहिली. भोवती तार, दाराशी पहारा, आणि आत अख्खी कुटुंबं लेकराबाळांसकट. शिक्षा कुणालाच झालेली नव्हती, कैदेत मात्र सगळे.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभर रद्द झाला. तारा निघाल्या, पण माणसं तिथेच राहिली. त्यांना जमीन नव्हती, आणि छारा म्हटल्यावर कामावर कोण घेणार? शिवाय मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९६० नंतर गुजरातेने तसाच पुढे चालवला. बंदीच्या राज्यात दारू गाळणं हा हमखास चालणारा धंदा, आणि छारानगरातल्या कित्येक घरांनी तो धरला. काहींनी चोरी धरली. बुधन थिएटरच्या कलाकारांनी हे कधी लपवलं नाही. आमच्या आईबापांनी ज्या पैशावर आम्हाला शिकवलं तो पैसा कुठून आला हे आम्हाला ठाऊक आहे, असं ते कॅमेऱ्यासमोर सांगतात. संस्थेचा इतिहास लिहिताना हा मजकूर गाळून तिला सोवळं नेसवण्यात अर्थ नाही. त्या मोकळेपणावरच तिचं नाटक उभं आहे.

गणेश देवी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. १९९६ च्या सुमारास त्यांनी ती नोकरी सोडली आणि आदिवासी भाषांच्या कामासाठी ‘भाषा’ ही संस्था काढली. १९९८ च्या मार्चमध्ये बंगाली लेखिका महाश्वेता देवी व्याख्यानासाठी बडोद्याला आल्या. पुरुलियातल्या खेडिया शबरांमध्ये त्या कित्येक वर्षं काम करत होत्या, आणि बुधनचा मृत्यू होऊन जेमतेम महिना झाला होता. त्याच सुमारास विमुक्त आणि भटक्या जमातींच्या हक्कांसाठी एक कृती गट स्थापन झाला. महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांच्याबरोबर त्यात ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड होते. गटाने एक वार्तापत्र सुरू केलं, त्याचंही नाव ‘बुधन’.

ही मंडळी छारानगरात गेली तेव्हा तिथे शिकलेली पण रिकामी बसलेली तरुण पोरं होती. आधी वाचनालय निघालं. छोटी खोली, पुस्तकांची कपाटं, आणि बसायला जागा. चळवळीतल्या माणसांना वस्तीत शिरल्याबरोबर मोर्चा काढण्याची घाई असते; इथे सुरुवात पुस्तकांनी झाली, याचं श्रेय द्यायला हवं. नाटकाची हौस वस्तीत आधीपासूनच होती. छारा जन्मजात नट असतात असं ते स्वतःबद्दल हसत हसत म्हणतात. वेशांतर, बतावणी आणि पोलिसांपुढचा भोळा चेहरा यांची तालीम पिढ्यान्‌पिढ्या झालेली. तेव्हा वाचनालयातल्या पोरांनी नाटक बसवायचं ठरवलं यात नवल नाही. नवल आहे ते त्यांनी निवडलेल्या विषयात. पहिल्याच नाटकात त्यांनी स्वतःची कहाणी सांगितली नाही. शबरांची सांगितली.

कहाणी अशी. १० फेब्रुवारी १९९८ ला बुधन बायकोला, श्यामलीला, घेऊन चालला होता. वाटेत पानाच्या टपरीशी बराबाजार ठाण्याच्या अधिकाऱ्याने त्याला पकडलं. चोरीचा संशय, एवढंच. ठाण्यात मारहाण झाली, पुढे त्याची रवानगी तुरुंगात झाली आणि १७ तारखेला तो मेला. त्याने गळफास घेतला असं सांगण्यात आलं. बुधनच्या गावच्या, अकरबाइदच्या, शबरांनी त्यानंतर जे केलं त्याला तोड नाही. प्रेत जाळलं की पुरावा जळणार हे त्यांनी ओळखलं. त्यांनी गवताचा पुतळा करून तो बुधन म्हणून जाळला आणि खरा देह पुरून ठेवला. न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा शवविच्छेदन करता आलं ते त्यामुळेच. शबरांच्या कल्याण समितीने महाश्वेता देवींच्या पुढाकाराने कलकत्ता उच्च न्यायालयात अर्ज केला होता. जुलै १९९८ मध्ये न्यायमूर्ती रूमा पाल यांनी निकाल दिला : सीबीआय चौकशी आणि विधवेला नुकसानभरपाई.

हा सगळा तपशील वार्तापत्रातून छारानगरच्या वाचनालयात पोचला. तिथल्या तरुणांपैकी दक्षिण बजरंगे आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यातून नाटक उभं केलं. नाटकाची संहिता एरवी कल्पनेतून येते, पण हिचा कच्चा माल होता तारखा, जबाब आणि न्यायालयाचे कागद. लिहिणाऱ्यांना फारशी भर घालावी लागली नाही. ठाण्यात काय होतं, आवाज कसा चढतो, पहिली लाथ कधी बसते, बाई दाराशी किती वेळ उभी राहते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पहिला प्रयोग ३१ ऑगस्ट १९९८ ला छारानगरात, विमुक्त जमातींच्या मेळाव्यात झाला. तारीख मुद्दाम साधलेली. समोर निरनिराळ्या राज्यांतून आलेले विमुक्त जमातींचे लोक आणि मागे वस्ती. नेपथ्य नव्हतं. माणसांच्या अंगांतूनच ठाणं, कोठडी आणि झोपडी उभी राहायची आणि मोडायची. भाषा हिंदी. शेवटी नट भूमिका सोडून प्रेक्षकांकडे तोंड करतात आणि आम्ही या देशाचे नागरिक आहोत की नाही असा सवाल टाकतात. कागदावर हा शेवट भाबडा वाटतो. पण तो विचारणाऱ्याच्या पाठीवर खरे वळ असू शकतात हे बघणाऱ्याला माहीत असतं, त्यामुळे तिथे टाळी वाजवावी की नाही हे कळत नाही.

मला स्वतःला या नाटकातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती पोलिसाची भूमिका. छारा पोरगा फौजदार होतो. आयुष्यभर ज्याचा मार खाल्ला किंवा ज्याला हप्ता दिला, त्याची चाल, पट्टा सावरण्याची लकब, शिवी द्यायच्या आधीचा तो थांबा, हे सगळं तो इतकं नेमकं करतो की वस्तीतली म्हातारी माणसं हसतात. ज्याच्यापुढे मान खाली घालून उभं राहायचं, त्याची भरचौकात नक्कल करता येते हे पोरांना समजलं, तिथे संस्था खऱ्या अर्थाने सुरू झाली असं माझं मत आहे. प्रयोगाचं नाव होतं ‘बुधन’. प्रयोगानंतर मंडळीही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

मग आपला निम्मा भाग. जून १९९८ मध्ये, म्हणजे बुधननंतर चार महिन्यांनी, बारामतीला पिन्या हरी काळे नावाचा पारधी मजूर पोलिसांच्या ताब्यात मेला. बुधन थिएटरने त्याच्यावर ‘पिन्या हरी काळे नी मौत’ बसवलं. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव दिवसातून दहा वेळा घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या या मृत्यूवर पहिलं ठळक नाटक गुजराती नावाने आणि छारा नटांकडून यावं, हे आपल्या रंगभूमीला शोभणारं नाही. आपल्याकडे काहीच नव्हतं असं नाही. सत्यशोधकी जलसे होते, लाल बावट्याचं कलापथक होतं, दलित रंगभूमी होती, स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ पासून ‘मुलगी झाली हो’ गावोगाव नेलं. आत्मकथनांत तर विमुक्तांनी मराठी साहित्य हलवून सोडलं. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ हे दोन्ही साहित्य अकादमीपर्यंत गेले. पण पुस्तक वाचणारा एकटा असतो आणि ठाण्यावरून जाताना तो पुस्तक मिटून पिशवीत ठेवतो. वस्तीतल्या पोरांची स्वतःची, टिकून राहिलेली नाटकमंडळी आपल्या पारध्यांच्या किंवा कंजारभाटांच्या वस्तीत कुठे उभी राहिली, हे सांगायला मला उदाहरण सापडत नाही.

पुढच्या काळात नाटकांची रांग लागली. पोलिसी चकमकीवरचं ‘एन्काउंटर’, भटक्यांच्या झोपड्या पाडण्यावरचं ‘बुलडोझर’, बादल सरकारांचं ‘भोमा’, महाश्वेता देवींच्या कथेवरचं ‘चोली के पीछे क्या है’. दारिओ फो या इटालियन नाटककाराचं, ठाण्याच्या खिडकीतून ‘पडून’ मेलेल्या आरोपीवरचं प्रहसनही त्यांनी आपलंसं केलं, आणि ते त्यांना अंगरख्यासारखं बसलं. या निवडीबद्दल थोडं बोलायला हवं. सुरुवातीची नाटकं एकसुरी होती. अटक, मार, मृत्यू आणि सवाल, हा क्रम प्रेक्षक आधीच ओळखायचा. कोठडीतले मृत्यूच एकासारखे एक होते, त्याला लेखक काय करणार, हा बचाव खरा आहे. तरी नाटक म्हणून त्यात एक बधिरपणा येऊ लागला होता. फोच्या प्रहसनाने त्यांना हसण्याची मुभा दिली. खोटा अहवाल तयार करताना घामाघूम होणारा अधिकारी दाखवायला मार दाखवावाच लागत नाही. अहवालातली विसंगतीच बोलते, आणि कागदपत्रांवरून नाटक रचणाऱ्या या मंडळीला ती भाषा पहिल्यापासून येत होती.

पैशाचं म्हणाल तर तिकीट लावून चालणारी ही मंडळी नव्हे. प्रयोग चौकात, शाळा-कॉलेजांत, परिषदांत व्हायचे. कलाकार दिवसा पोटापाण्याचं काम करून संध्याकाळी तालमीला यायचे. ‘भाषा’चा आधार सुरुवातीला मोठा होता. नंतर संस्था बरीचशी स्वतःच्या पायावर चालू लागली. देणगी, अनुदान यांचा हिशोब इथे मांडत बसत नाही; नट टिकवणं हाच तिथला खरा खर्च.

मुली रंगमंचावर आणणं सर्वांत अवघड गेलं, आणि आपल्या गावागावांतल्या हौशी मंडळांना ते नव्याने समजावून सांगायला नको. छारानगरात बाई कमावती असते, भट्टी तिच्या जिवावर चालते, पोलीस दारात आले की पुढे तीच होते. पण चौकात उभं राहून नाटक करणं वेगळं. कल्पना गागडेकर या सुरुवातीच्या अभिनेत्रींपैकी एक. पुढे त्या गुजराती सिनेमातही दिसल्या. त्यांच्यामागून इतर आल्या. वस्तीतली लहान मुलं तर कुणी न बोलावताच यायची, कारण वाचनालय आणि तालीम एकाच छपराखाली होती. पुस्तक वाचता वाचता पोर मान वर करून तालीम बघायचं, आणि काही दिवसांनी त्याला संवाद पाठ असायचे.

या वाचनालयाचा हिशोब मांडला तर नाटकांपेक्षा जड भरेल. सुरुवातीच्या फळीतले रॉक्सी गागडेकर पत्रकार झाले. काहीजण दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात पोचले. वस्तीतून वकील निघाले, आणि ते छारानगरच्याच लोकांची प्रकरणं लढवू लागले. दक्षिण बजरंगे माहितीपटांकडे वळले. २०१७ साली त्यांचा ‘समीर’ हा हिंदी चित्रपट आला. संस्थेवर पी. केरिम फ्रीडमन आणि शाश्वती तालुकदार यांनी केलेला माहितीपट २०११ मध्ये पूर्ण झाला आणि देशोदेशीच्या महोत्सवांत दाखवला गेला. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘मला मारू नका, साहेब’ असा आहे. परदेशी अभ्यासक छारानगरात येऊ लागले, प्रबंध लिहिले गेले. कीर्ती झाली. वस्तीत मात्र भट्ट्या चालू राहिल्या आणि छापेही.

नाटकाने समाज बदलतो का, हा प्रश्न स्मरणिकांमध्ये फार स्वस्तात सोडवला जातो. छारानगरापुरतं उत्तर २६ जुलै २०१८ च्या रात्री मिळालं. पोलिसांशी झालेल्या एका वादाचं निमित्त झालं आणि मध्यरात्री मोठा फौजफाटा वस्तीत घुसला. घरांची दारं तोडली गेली, गाड्या फोडल्या गेल्या, बायकांना आणि म्हाताऱ्यांना मार बसला असे आरोप झाले. अटक झालेल्यांत वकील आणि छायापत्रकारही होते. म्हणजे शिकले-सवरलेले, दारूशी काही संबंध नसलेले, वाचनालयाच्या पिढीतले. वीस वर्षं नाटक करूनही पोलिसाच्या डोळ्यांत छारा तो छाराच.

पण त्यानंतर वस्तीने जे केलं ते १९९८ च्या आधी झालं नसतं. मयतानंतर नातलग-शेजारी घरी येऊन बसतात त्याला गुजरातेत बेसणुं म्हणतात. छारानगरच्या लोकांनी कायदा-सुव्यवस्थेचं बेसणुं जाहीर केलं आणि हजारो माणसं मुक्याने रस्त्यावर चालली. दगड उचलला गेला नाही. कॅमेऱ्यासमोर बोलणारे, अर्ज लिहिणारे, न्यायालयात उभे राहणारे, सगळे वस्तीतलेच होते. बाहेरून कुणी कैवारी बोलवावा लागला नाही. एका मोर्चाला मयताच्या विधीचं रूप द्यायचं, ही नाटकवाल्यांची बुद्धी. अकरबाइदच्या शबरांनी पुतळा जाळून देह राखला, त्याच जातीची ती होती.

एक आतली गोष्टही नोंदवायला हवी. पोलिसांना सवाल विचारणं सोपं नसलं तरी त्यात वस्ती तुमच्या बाजूने असते. जातपंचायतीला सवाल विचारला की वस्तीच समोर उभी राहते. २०१८ च्या सुरुवातीला आपल्याकडच्या कंजारभाट तरुणांनी नववधूच्या कौमार्य चाचणीविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा पिंपरीत त्यांच्यातल्या काहींना आपल्याच लोकांचा मार खावा लागला. अन्याय सोसलेला समाज आपल्या पोटातल्या अन्यायावर नाटक कधी करतो, ही विमुक्तांच्या रंगभूमीची पुढची पायरी आहे. बुधन थिएटरने दारू आणि शिक्षण यांबद्दल वस्तीला सुनावलं आहे. पंचायतींबद्दल याहून अधिक कठोर बोलायला हवं असं मला वाटतं, आणि हे मी संस्थेचा चाहता म्हणून लिहितो आहे.

दरम्यान कागद पुढे सरकत राहिले. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला, भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने २०१८ च्या सुमारास. दोघेही महाराष्ट्राचे. गुन्हेगार जमाती कायद्याची जागा घेणारे सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे अनेक राज्यांत टिकून राहिले, आपल्या मुंबई राज्याचा १९५९ चा त्यातलाच. मग ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांमधल्या जातिभेदाबाबत निकाल दिला. याचिका केली होती मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी. तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरण्याची जी रीत शिल्लक होती तिच्यावर न्यायालयाने बोट ठेवलं, आणि या जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये याची पोलिसांना आठवण करून दिली.

या निकालाच्या प्रतीत १८७१ च्या कायद्याचा इतिहास पानंच्या पानं आला आहे. छारानगरच्या वाचनालयात असे कागद कसे वाचायचे हे आता तिसऱ्या फळीतल्या मुलांनाही ठाऊक आहे. ‘बुधन’चे प्रयोग अजून होतात. पहिल्या प्रयोगातले नट पन्नाशीकडे झुकले आहेत, त्यांच्या जागी त्यांच्याच घरातली मुलं उभी राहतात. महाराष्ट्रातल्या वस्त्यांमधून त्यांना बोलावणं गेलं तर भाषेची अडचण येणार नाही. भाटनगरात दुभाष्या लागायचा नाही, आणि ठाण्यातला प्रसंग कुठल्याही पारधी पालावर भाषांतराशिवाय कळेल.